जुन्या मोटारीचे आवाज व थरथर : मूळ कसें शोधावें

बैलगाडीचा कोणता आवाज कशाचा, हें शेतकऱ्याच्या मुलास मुद्दाम शिकवावें लागत नसे. कणा कुरकुरूं लागला म्हणजे वंगण संपलें, उन्हाळ्यांत चाक खडखडूं लागलें म्हणजे लांकूड वाळून धांव सैल झाली, आणि एकाच बाजूनें ठोका पडूं लागला म्हणजे आरा तुंब्यांत हलतो आहे, इतकें तो अंधारांतहि सांगत असे. आतां त्याच घराच्या अंगणांत जुनी जीप, पिकअप किंवा एखादी मारुती उभी असते, आणि तिचा आवाज मात्र घरांतील सर्वांस परका असतो. आवाज निघाला कीं गाडी गॅरेजांत नेऊन सोडावयाची, मिस्त्री सांगेल तो भाग बदलावयाचा, पैसे मोजावयाचे आणि आवाज तसाच घेऊन परत यावयाचें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. मोटारीचा आवाजहि बैलगाडीच्या आवाजाप्रमाणेंच ओळखतां येतो व त्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं, एवढेंच या लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे. आवाज कोठून येतो हें विचारण्यापूर्वीं तो कोणाच्या मागें चालतो, हें पाहावें; म्हणजे निम्में काम झालें.

जुनी गाडी म्हणजे टाकाऊ गाडी, असें आम्ही मानीत नाहीं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महिंद्र कंपनीनें अमेरिकन विलीज जीपची जोडणी मुंबईस सुरू केली, आणि तेव्हांपासून खेडोपाडीं जीप ही शेतकऱ्याची गाडी होऊन बसली. १९८३ सालीं निघालेली मारुती ८०० ही २०१४ सालीं बनावयाची थांबली. तरी गांवोगांवीं ती अद्याप चालतांना दिसते. अशा गाड्या हौसेखातर ठेविलेल्या नसतात. भाजी बाजारांत पोंचविणें, खताचीं पोतीं आणणें, आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं नेणें हीं कामें त्या करितात. म्हणूनच त्यांच्या थरथरीकडे दुर्लक्ष करणें आम्हांस बरें वाटत नाहीं. जो हादरा सहा महिन्यांपूर्वीं नव्हता व आज आहे, तो कशाची तरी झीज सांगत असतो. आणि तो हादराच पुढें दुसरे नट सैल करितो, नळ्यांस चिरा पाडतो व चांगल्या बेअरिंगासहि खातो. बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात हें खरें. परंतु चाक निखळण्यापूर्वीं जो आवाज येतो तोहि प्रथम साधाच वाटतो.

मोटारींत फिरणाऱ्या वस्तूंचीं मुख्यतः तीन कुळें आहेत. एक, चाकें व त्यांबरोबर फिरणारे ड्रम, डिस्क, हब. दुसरें, गिअरबॉक्सपासून मागील आसापर्यंत जाणारा लांब शाफ्ट. तिसरें, इंजिन व त्याबरोबर फिरणारा पंखा, क्लच, आल्टरनेटर इत्यादि. हीं तिन्ही कुळें एकाच वेळीं निरनिराळ्या गतीनें फिरतात, आणि प्रत्येकाची थरथर त्याच्या त्याच्या गतीनें होते. ही गति काढणें फार सोपें आहे. टायरवर खडूनें खूण करावी. ती जमिनीस टेकली असतां जमिनीवरहि खूण करावी. मग गाडी ढकलून टायरवरील खूण पुन्हां जमिनीस टेकेपर्यंत न्यावी व दोन खुणांमधील अंतर टेपनें मोजावें. जुन्या जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचें हें अंतर सुमारें सव्वादोन मीटर भरतें. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास बरोबर १,००० मीटर. हजारास सव्वादोननें भागिलें म्हणजे मिनिटास सुमारें ४४५ फेरे होतात. अर्थात् सेकंदास सात-साडेसात. जुन्या जीपच्या कांहीं नमुन्यांत मागील आसाच्या मोठ्या दंतचक्रास ४३ व लहानास ८ दांते असत; म्हणजे चाकाचा एक फेरा होई तों शाफ्टचे सुमारें ५.४ फेरे होत. त्या हिशेबानें ताशीं ६० किलोमीटर वेगास शाफ्ट मिनिटास सुमारें २,४०० व सेकंदास ४० वेळां फिरतो. चार सिलिंडरच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात, तेव्हां इंजिन त्याच गतीनें फिरत असल्यास त्याचे ठोके सेकंदास ८० पडतात.

या आंकड्यांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २० कंपनांखालील ध्वनि ऐकूं येत नाहीं. तो अंगास जाणवतो. म्हणून चाकाची थरथर ही हातांस, मांडीस व आसनास कळते, जवळजवळ मोजतांहि येते, पण तिचा सूर असा निघत नाहीं. शाफ्टची थरथर ही त्याहून बारीक व वेगवान. पायाखालील पत्रा भुणभुणतो व कानांत एक खोल घुमारा बसतो. आरशांतील प्रतिमा फिसकटणें, पाण्याच्या बाटलींत बारीक वर्तुळें उठणें, हीं तिचींच लक्षणें होत. एवढा भेद ध्यानांत आला, तरी टायरचा दोष असतांना इंजिनचे रबर बदलण्याचा खर्च वांचतो. हल्लींच्या मोबाइल फोनांत कंपनें मोजणारा भाग असतो व सेकंदास किती कंपनें होतात हें दाखविणारीं साधनेंहि त्यांवर मिळतात. ज्यांस तीं वापरतां येतील त्यांनीं वरील हिशेबाशीं ताडून पाहावें. पण बोटांनीं मोजणें अगदींच टाकाऊ समजूं नये.

मग पहिली कसोटी. सरळ, सपाट व मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगास थरथर होते त्या वेगास गाडी आणावी व गिअर न्यूट्रल करून कांहीं क्षण तशीच वाहूं द्यावी. इंजिनचा वेग खालीं येतो, गाडीचा तेवढा लवकर उतरत नाहीं. थरथर तशीच राहिली तर इंजिन व क्लच निर्दोष. चाकें, शाफ्ट किंवा मागील आस यांकडे वळावें. थरथर तत्काळ थांबली तर इंजिनकडे, किंवा जोर लागला असतांच बोलणाऱ्या एखाद्या सांध्याकडे पाहावें. ही कसोटी घाटांत किंवा उतारावर कदापि करूं नये. आणि किल्ली तर मुळींच फिरवूं नये. इंजिन बंद पडलें म्हणजे पुष्कळ गाड्यांत ब्रेकचा जोर जातो, आणि कांहींत स्टेअरिंगहि अडकतें. उलट, गाडी उभी करून इंजिन त्याच फेऱ्यांवर नेलें असतां थरथर होत असेल, तर चाकांवर संशय घेण्याचें कारणच उरत नाहीं.

येथें एक फसगत होते, ती चांगले मिस्त्रीहि पुष्कळदां विसरतात. जुन्या जीपसारख्या गाडींत सर्वांत वरचा गिअर हा थेट असतो. म्हणजे त्या गिअरांत इंजिन व शाफ्ट हीं अगदीं एकाच गतीनें फिरतात. तेव्हां वरच्या गिअरांत थरथर पाहून ती शाफ्टची कीं इंजिनची, हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. यासाठीं तोच वेग खालच्या गिअरांत धरून पाहावा. वेग तोच, परंतु इंजिनचे फेरे वाढलेले. अशा वेळीं थरथरीची लय बदलली तर ती इंजिनची, न बदलली तर ती शाफ्टची किंवा चाकाची. पांच गिअरांच्या गाडींत पांचवा गिअर बहुधा याहून वेगवान असतो. तेथें थेट गिअर कोणता हें पुस्तिकेंत पाहावें.

मातीचें ओझें

आतां चाकांचें पाहूं. पावसाळ्यांत काळ्या रानांतून गाडी बाहेर काढली म्हणजे रिमच्या आंतल्या अंगास चिकण मातीचा थर बसतो व तो वाळून विटेसारखा कठीण होतो. बाहेरून चाक धुतलेलें दिसतें, आंत मात्र एका बाजूस पाव किलो ढेंकूळ चिकटलेलें असतें. चाकें बॅलन्स करितांना रिमला जें शिसें ठोकतात तें दहा-वीस ग्रॅमांच्या मापाचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे पाव किलो मातीनें काय होत असेल याची कल्पना येईल. आमच्या मतें पावसाळ्यांतील निम्म्या थरथरीचें औषध खुरपें व पाण्याची बादली हेंच आहे. माती काढल्यानंतरच बॅलन्सिंगचे पैसे द्यावे. मातीसकट बॅलन्स केलेलें चाक माती गळून पडतांच पुन्हां बिघडतें.

बॅलन्सचा दोष सामान्यतः एका ठराविक वेगाच्या आसपास जोर करितो, त्याहून कमी वेगास नाहींसा होतो. पुढील चाकाचा दोष स्टेअरिंगास, मागील चाकाचा आसनास कळतो. परंतु अगदीं हळू चालतांनाहि गाडी डुलत असेल तर तो बॅलन्सचा दोष नव्हे. टायरचे आंतील धागे तुटून फुगा आला असावा, रिम वांकली असावी, किंवा गाडी अनेक महिने एकाच जागीं उभी राहून टायर तळाशीं चपटा झाला असावा. शेवटचा दोष थोडा असल्यास टायर तापल्यावर जातो, पहिला जात नाहीं व तो टायर केव्हां फुटेल याचा भरंवसा नसतो. चाक जमिनीवरून उचलून त्याच्या पृष्ठाजवळ एक काठी स्थिर धरावी व चाक हातानें हळू फिरवावें. काठी व टायर यांमधील फट कमीजास्त होते कीं काय, तें डोळ्यांनींच दिसतें. गाडी उचलतांना नुसत्या जॅकवर विसंबून खालीं जाऊं नये. लोखंडी घोडी किंवा रुंद लांकडी ठोकळे दिल्यावांचून गाडीखालीं हातहि घालूं नये, आणि एक चाक उचलून इंजिननें तें फिरविण्याचा प्रयोग तर घरीं करूंच नये. एक चाक जमिनीवर अडलेलें असतां उचललेलें चाक दुप्पट गतीनें फिरतें. कांट्यावर ६० दिसले तर त्या चाकाचे १२० झालेले असतात.

चाक उचललेलेंच आहे तोंवर तें वर-खालीं धरून हलवावें. कांहीं खेळ लागला तर एकानें ब्रेक दाबावा व दुसऱ्यानें पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनहि राहिला तर तो किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. डावी-उजवीकडे खेळ लागला तर टायरॉडचीं टोकें पाहावीं. बेअरिंग खराब होत आलें म्हणजे दूरच्या जात्यासारखी घरघर ऐकूं येते व ती वेगाबरोबर वाढते. टायरची घरघरहि तशीच असते; पण डांबरी रस्ता सुटून सिमेंटचा लागतांच टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाहीं. मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित् डावीकडे वळविली असतां भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हां घरघर वाढली तर उजवें बेअरिंग संशयास्पद समजावें. दहा-पंधरा किलोमीटर चालून आल्यावर चारी हबांजवळ हात नेऊन पाहावा. एक इतरांहून स्पष्टपणें अधिक तापलेला असेल तर तेथें बेअरिंग तरी कोरडें आहे किंवा ब्रेक तरी धरून राहिला आहे. हात एकदम टेकवूं नये, भाजेल.

आणि चाकाचे नट. पंक्चर काढून आल्यावर दोन दिवसांनीं एका चाकाजवळून लयबद्ध ठकठक येऊं लागली, तर आणखी कांहीं विचार न करितां गाडी थांबवावी व नट पाहावे. ही एक गोष्ट उद्यांवर टाकण्याजोगी नाहीं. कांहीं जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात; तें ठाऊक नसलेला पोरगा पाना लावून ज्यास घट्ट करणें समजतो तें वस्तुतः सैल करणें असतें. चाक बसविल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर चालून नट पुन्हां एकदां आवळण्याची संवय ठेवावी.

जीपसारख्या अखंड पुढील आसाच्या गाडीस आणखी एक खोड जडते. एखाद्या खड्ड्याचा दणका बसतांच दोन्ही पुढलीं चाकें वेड्यासारखीं डावी-उजवीकडे झडूं लागतात, स्टेअरिंग हातांतून हिसकावलें जातें, व गाडी जवळजवळ थांबेपर्यंत तें शमत नाहीं. अशा वेळीं स्टेअरिंगाशीं झुंजूं नये. तें घट्ट पण ताठरपणा न आणितां धरावें व वेग हळूहळू उतरवावा. यावर नवा स्टेअरिंग डॅम्पर बसवून देण्याची जी चाल आहे ती आम्हांस पसंत नाहीं. डॅम्परनें लक्षण दबतें. किंगपिन, टायरॉड, पाट्यांचे बुश व चाकाचीं बेअरिंगें यांतील जी ढिलाई या सर्वांस कारण, ती तशीच राहते आणि आंतल्या आंत वाढते.

शाफ्ट व त्याचे क्रॉस

ज्या दोषावर शेतकऱ्यांचा सर्वांत अधिक पैसा वायां जातो असें आम्हांस वाटतें, तो शाफ्टचा होय. गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला, मागील आस पाट्यांवर वर-खालीं नाचणारा. या दोहोंस जोडणारा शाफ्ट सरळ रेषेंत कधींच नसतो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस बेचक्यांमध्यें बसविलेले क्रॉस असतात. या सांध्यास १६ व्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो याचें नांव मिळालें आहे, व १७ व्या शतकांत रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचा अभ्यास केला. या सांध्याचा एक उपजत स्वभाव आहे. तो कोनांत फिरूं लागला म्हणजे एका बाजूची गति सारखी असली तरी दुसऱ्या बाजूची गति दर फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. दहा अंशांचा कोन असतां ही घटवाढ शेंकडा दीडच्या सुमारास असते. ऐकावयास हें थोडें वाटेल. परंतु सेकंदास ४० फेरे फिरणाऱ्या जड शाफ्टला सेकंदास ८० वेळां ढकलणें व ओढणें म्हणजे काय, हें गाडीच्या पत्र्यास विचारावें.

मग गाड्या चालतात कशा? तर एका टोकाच्या सांध्यानें केलेली चूक दुसऱ्या टोकाचा सांधा उलट करून फेडतो. यासाठीं दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांवरील बेचकीं एकाच पातळींत असलीं पाहिजेत. शाफ्टच्या मध्यें जो सरकता सांधा असतो तो खोलून पुन्हां बसवितांना एक-दोन खांचा इकडेतिकडे झाल्या कीं दुसरी अट मोडते. मग दोन चुका एकमेकींस फेडण्याऐवजीं एकमेकींत मिळतात. असें होऊं नये म्हणून पुष्कळ शाफ्टांवर सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांस बाण कोरलेले असतात; पण वर्षानुवर्षांच्या ग्रीस-मातीखालीं ते कोणास दिसत नाहींत.

गेल्या सुगींत अशीच एक जीप आमच्या पाहण्यांत आली. मालकानें ऊंसाचें बेणें व खतें वाहण्यासाठीं मागील पाट्यांत एकेक पाटा वाढविला होता. तेव्हांपासून ताशीं ५० च्या पुढें पायाखालीं भुणभुण होऊं लागली. प्रथम चारी चाकें बॅलन्स झालीं. फरक पडेना, तेव्हां इंजिनचीं फाउंडेशनें बदलण्यांत आलीं. त्यानेंहि कांहीं होईना, तेव्हां शाफ्ट उतरवून दोन्ही क्रॉस नवे घातले. आणि गंमत अशी कीं त्यानंतर भुणभुणीचा हादरा झाला. मालक गाडी विकावयास निघाले होते. न्यूट्रलमध्यें थरथर राहत होती. तोच वेग खालच्या गिअरांत धरला तरी तिची लय तीच होती. आणि ती मोजतां येण्याइतकी सावकाश नव्हती. एवढ्यावरून शाफ्टशिवाय दुसरें कोणाचें नांव घेण्याजोगें नव्हतें. खालीं जाऊन घासलेटच्या फडक्यानें सरकता सांधा पुसला, तों दोन बाण एकमेकांस पाठमोरे. क्रॉस बदलणाऱ्यानें शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले व हातास येतील तसे जोडले होते. बाण जुळवून बसवितांच हादरा गेला. मूळची बारीक भुणभुण मात्र राहिली, कारण ती वाढविलेल्या पाट्यानें गाडीचा मागचा भाग उंचावून शाफ्टचा कोन वाढल्यामुळें होती. जादा पाटे काढून टाकल्यावर तीहि थांबली. या शेवटच्या दुरुस्तींत एकहि नवा भाग लागला नाहीं. त्यापूर्वीं जे भाग बदलले गेले, त्यांपैकीं एकहि वाईट होता असें आम्हांस दिसलें नाहीं.

क्रॉस खरोखरच झिजला असेल तर तो निराळें बोलतो. गाडी सुटतांना किंवा पुढचा-मागचा गिअर बदलतांना एक कोरडा ‘टण्’ असा ठोका पडतो, आणि हळू चालतांना चिमणीसारखी चिवचिव ऐकूं येते. म्हणजे आंतील सुयांचें ग्रीस वाळून गंज धरला आहे. पाण्यांतून गाडी वरचेवर नेणाऱ्यांनीं ग्रीसगनचा उपयोग महिन्याचा महिन्यास करावा. चिवचिव कांहीं दिवसांनीं आपोआप बंद पडली तर दुरुस्त झालें असें मानूं नये. क्रॉस तुटून शाफ्टचें पुढील टोक रस्त्यावर पडलें म्हणजे काय अनर्थ होतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको.

मारुतीसारख्या पुढील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीस हा लांब शाफ्टच नसतो. तिच्यांत चाकांजवळच्या सांध्यांवर रबराचे पिशवीवजा बूट असतात. बूट फाटला कीं ग्रीस बाहेर व धूळ आंत. मग स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढें घेतली असतां ‘कट् कट् कट्’ असा आवाज होतो. आवाज होण्यापूर्वीं फाटलेला बूट सांपडला तर थोडक्यांत भागतें, नंतर सबंध सांधा जातो. मारुती ८०० चें इंजिन तीन सिलिंडरचें असल्यामुळें उभ्या गाडींत तें थोडेंबहुत थरथरतें, हा त्याचा जन्मस्वभाव आहे. त्यासाठीं कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत.

क्लच व गिअरबॉक्स यांची परीक्षा उभ्या गाडींत होते. न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवावें. पाय क्लचवर नसतांना घरघर असून क्लच दाबतांच ती बंद झाली तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगकडे पाहावें. उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर क्लचचें रिलीज बेअरिंग गेलें. मागील आसांतील दंतचक्रांचा आवाज हा गुणगुणण्यासारखा असून एक्सिलरेटर दाबतांना एक व सोडतांना दुसरा असा सूर बदलतो. तेथें आधीं तेल पाहावें. पुष्कळ गाड्यांत त्या तेलाची आठवण वर्षानुवर्षें कोणासहि झालेली नसते.

इंजिनच्या आंतील ठोक्यांविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तो मिस्त्रीचाच विषय होय. बाहेरून एवढें करावें कीं, फूट-दोन फूट लांबीची रबरी नळी घेऊन तिचें एक टोक कानाशीं धरावें व दुसरें आल्टरनेटर, पाण्याचा पंप, टॅपेटचें झांकण अशा ठिकाणीं क्रमाक्रमानें न्यावें. आवाज कोणत्या जागीं सर्वांत मोठा, हें लहान मुलासहि कळतें. पंखा व पट्टा यांपासून नळी, धोतराचा सोगा, पदर हें सर्व दूर असावें. खालून जड ठोका येत असून त्याबरोबर तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन तेथेंच बंद करावें व गाडी ओढून न्यावी. घरापर्यंत जाऊं म्हणणारांस क्रॅन्कशाफ्टचा खर्च पडतो. जुन्या डिझेल इंजिनांत एकेक इंजेक्टरची नळी सैल करून कोणता सिलिंडर ठोकतो हें मिस्त्री पाहत असत. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत हें कधींहि करूं देऊं नये. त्या नळ्यांतील डिझेल इतक्या प्रचंड दाबाचें असतें कीं त्याची बारीक धार कातडी फोडून आंत शिरते.

सायलेन्सरची फडफड पुष्कळजण हंसण्यावारी नेतात. मागील टोक हलत असेल तर तारेनें बांधून भागेल. परंतु इंजिनजवळच्या जोडांतून फुसफूस ऐकूं येत असेल, तर तो धूर पायाखालच्या भोकांतून आंत येतो. थंडीच्या दिवसांत कांचा लावून, मुलेंबाळें निजवून रात्रीचा प्रवास करणारांनीं तो जोड प्रवासापूर्वीं नीट करून घेतलाच पाहिजे. त्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

राहिला साधा खडखडाट. जॅक, पाना, मागील फळीची कडी, नंबरप्लेट, बॅटरीची पट्टी, आसनाखालची पाण्याची कॅन. एक मनुष्य मागें बसवून त्यास एकेक वस्तु हातानें दाबून धरावयास सांगावें. आमचा अनुभव असा कीं हें काम बारा-चौदा वर्षांच्या मुलाइतकें चांगलें दुसऱ्या कोणासहि साधत नाहीं. त्यास उभ्या गाडींतच बसवावें व दुसऱ्यानें बाहेरून गाडी हलवावी, हें उत्तम.

इतकें पाहून झाल्यावर गाडी गॅरेजांत न्यावी, पण रिकाम्या तोंडानें नव्हे. एका कागदावर लिहून न्यावें : आवाज कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेगास, कोणत्या गिअरांत, गाडी थंड असतां कीं तापल्यावर, भरलेली असतां कीं रिकामी, न्यूट्रलमध्यें राहतो कीं जातो, वळतांना वाढतो काय, ब्रेक दाबतां पेडल पायाखालीं नाचतें काय, आणि तो सुरू होण्यापूर्वीं गाडीवर शेवटचें काय काम झालें होतें. हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. मिस्त्रीस गाडींत बसवून आवाज प्रत्यक्ष ऐकवावा, आणि त्याच्या या अर्ध्या तासाचे पैसे कुरकुर न करितां द्यावे. नवा भाग घातला तर जुना मागून घ्यावा व हातांत धरून पाहावा. खरोखर झिजलेल्या क्रॉसच्या टोकांवर सुयांच्या खांचा उमटलेल्या बोटास लागतात. शाफ्ट उतरविण्याचें ठरलें, तर उतरविण्यापूर्वीं सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर व आसाकडील जोडावर सेंटरपंचचा एकेक ठिपका आपल्यासमोर मारवून घ्यावा. खडूची खूण चालत नाहीं. ग्रीसच्या पहिल्या हातांतच ती पुसली जाते.